वहिनींनी धुतलेले माझे कपडे

नीताचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. सकाळचे साडेआठ वाजले असतील. "काका, आई गेली," एवढंच ती म्हणाली आणि थोडं थांबून म्हणाली, "तू सावकाश ये. बाबांनी तसं सांगितलंय." दादा मला सावकाश ये म्हणाला, तो पन्नाशी ओलांडलेल्या धाकट्या भावाची काळजी म्हणून, की मी कोपरला त्यांच्या घरी पोचायच्या आत त्याला वहिनींजवळ एकट्याला बसायचं होतं म्हणून... हे मी तेव्हा विचारलं नाही, नंतरही विचारलं नाही. मालतीने, माझ्या बायकोने, माझ्या गालावरचा साबण पुसला आणि अर्ध्या दाढीनेच मी ठाण्याहून निघालो.

त्याला आता सहा आठवडे झाले. या दिवसांत जो भेटला तो एकच म्हणाला, असा दीर नशिबाने मिळतो, वहिनीचं तुम्ही आईसारखं केलंत. एका स्नेह्यांनी तर आग्रह धरला की मी वहिनींवर लिहावं. म्हणून लिहितोय. पण लोक जे म्हणतात ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं सांगितल्याशिवाय वहिनींबद्दल एक ओळही लिहिण्याचा मला हक्क नाही.

मी मॅट्रिक होऊन गावाहून डोंबिवलीला आलो तो दादाच्या दीड खोलीत. दादा ठाण्याला सरकारी कचेरीत कारकून होता, लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली. वहिनी राजापूरकडच्या, वयाने माझ्याहून दोनच वर्षांनी मोठ्या, पण पहिल्या दिवसापासून त्यांनी मला 'अहो भाऊजी' म्हटलं आणि पहिल्या दिवसापासून दटावलं. त्यांना गप्प बसलेलं माणूस सहन होत नसे. मी घुम्या. जेवताना मी चार घास न बोलता खाल्ले की त्या पोळी हातात धरून थांबायच्या. "आधी बोला, मग वाढते." काय बोलू म्हटलं तर म्हणायच्या, "आज काय पाहिलंत ते सांगा. डोळे बांधून गेला होतात का?" दिवसभरात काय पाहिलं ते रोज एका माणसाला सांगायची सवय मला वहिनींनी लावली. आज मला जे काही चार शब्द जुळवता येतात ते त्या पोळीपायी.

मला काम मिळालं मानपाड्याकडच्या एका कारखान्यात. तिथे बॉयलरला आणि वाफेच्या नळांना गुंडाळायचा दोर व्हायचा. कच्चा माल पोत्यांतून यायचा, पांढरा, मऊ. आम्ही त्याला कापूसच म्हणायचो. तो पिंजायचा, त्याचं सूत काढायचं, सुताचा दोर वळायचा. पिंजणाच्या खात्यात समोरचा माणूस धुक्यातून दिसावा तसा दिसायचा. संध्याकाळी सायकलवरून घरी आलो की माझे केस, भुवया, हातावरची लव, सगळं पांढरं. तीन वर्षांची नीता दारातून ओरडायची, "काका म्हातारा झाला!" आणि धावत येऊन गळ्यात पडायची. तिला खांद्यावर घेऊनच मी आत यायचो. वहिनी पदराने माझं डोकं झटकायच्या, मग शर्ट आणि पँट घेऊन गॅलरीत जायच्या. धुण्याआधी कपडे झटकले नाहीत तर बादलीत लगदा होतो, असं त्यांचं म्हणणं. दोन हातांनी शर्ट धरून कठड्यावर फाड फाड झटकायच्या, उन्हात पांढरा धुरळा उठायचा आणि त्या तोंड बाजूला करून खोकायच्या. आठ वर्षं. रविवार सोडून रोज. मी एकदा म्हणालो, मी धुतो वहिनी. त्या म्हणाल्या, "पुरुषांना मळ दिसत नाही, तुम्ही कशाला पाणी वाया घालवता?" मी हसलो. दुसऱ्यांदा विचारायची गरज मला वाटली नाही.

त्या पोत्यांवर इंग्रजीत 'ॲस्बेस्टॉस' असं छापलेलं असायचं. हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तो शब्द मी आठ वर्षं रोज वाचला होता.

मग मला ठाण्याला दुसऱ्या कंपनीत स्टोअरची नोकरी लागली, लग्न झालं, मी वेगळा झालो. दादानेही कोपरला ब्लॉक घेतला. वर्षं गेली. नीताचं लग्न झालं, तिला मुलगी झाली. कारखान्याचा विषय आमच्या घरात कोणी काढतसुद्धा नसे. त्यात काढण्यासारखं होतं तरी काय?

वहिनींना दम लागायला लागला तो नीताच्या मुलीच्या बारशानंतर. छातीत पाणी झालंय म्हणाले. पाणी काढलं, टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, चार महिने त्या घेतल्या आणि पाणी पुन्हा भरलं. मग छातीच्या आतला तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आला त्या दिवशी ठाण्याच्या डॉक्टरांकडे दादा आणि मी आत होतो, वहिनी बाहेर बाकावर. डॉक्टर तरुण होते, आवाज हळू करून बोलले. मेसोथेलिओमा. फुप्फुसाभोवतीच्या पातळ आवरणाचा कॅन्सर. बरा होणारा नाही, त्रास कमी करता येईल. दादा टेबलाची कड धरून ऐकत होता. मग डॉक्टरांनी विचारलं, "हा आजार सहसा ॲस्बेस्टॉसच्या धुळीत राहिलेल्या माणसांना होतो. तीस-तीस वर्षांनी डोकं वर काढतो. तुम्ही कुठे कामाला होता?"

"मी पहिल्यापासून कचेरीत," दादा म्हणाला.

"घरात दुसरं कोणी?"

"नाही. आम्ही दोघंच. मुलीचं लग्न झालंय."

दादा खोटं बोलला नाही. त्याच्या डोक्यात आजचं घर होतं. वीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला भाऊ त्याने मोजला नाही. तो भाऊ त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. डॉक्टरांनी माझ्याकडेही पाहिलं, म्हणजे मला तसं वाटलं... माझं तोंड उघडलं नाही. 'घरी गेल्यावर सांगू' असं मनाशी म्हटलं. घरी गेल्यावर दादा रडला, आणि ते त्या दिवशी राहिलं. मग ते रोजच राहत गेलं.

दवाखाना ठाण्यात, म्हणून वहिनींना मी आमच्याकडे आणलं. पाच महिने त्या आमच्याकडे होत्या. लोकांनी माझं कौतुक केलं ते याच पाच महिन्यांचं. मी शिल्लक रजा सगळी काढली. त्यांना आडवं झोपता येत नसे. पलंगाला फळी टेकवून, पाच उशा रचून मी त्यांची बसायची जागा केली आणि उशी किती इंच सरकली की कळ येते हे मला पाठ झालं. दर पंधरा-वीस दिवसांनी पाणी काढायचं. सुई पाठीत जाताना त्या माझा हात धरायच्या, आणि वर मलाच विचारायच्या, "आज काय पाहिलंत ते सांगा." मी सांगायचो. समोरच्या बिल्डिंगला हिरवा रंग देताहेत. कोर्ट नाक्यावर एक वकील चपला हातात घेऊन धावत होता. सगळं सांगायचो, आणि नेमकं तेवढं सोडून. मालती म्हणायची, तुम्ही स्वतःला इतकं का दमवता, मी आहे ना. एकदा दादाने जिन्यात माझे दोन्ही हात धरले. "तू नसतास तर मी काय केलं असतं रे?" मी हात सोडवून घेतले आणि गोळ्या आणायच्यात म्हणून खाली उतरलो. गोळ्या घरात होत्या.

एका दुपारी मी आत गेलो तर वहिनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. नको म्हटलं तरी ऐकायच्या नाहीत. दोन घड्या घालायच्या, श्वास गोळा करायच्या, मग तिसरी. माझा शर्ट त्यांच्या हातात होता. कॉलर उजेडाकडे धरून म्हणाल्या, "मालतीला सांगू नका मी म्हणाले म्हणून, पण मळ आहे हो अजून." मी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. कापूस, पोती, पोत्यांवरचा शब्द, डॉक्टरांचा प्रश्न. त्या ऐकत होत्या. शर्ट मांडीवर तसाच.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही खोलीत होतात?"

"होतो."

"आणि गप्प बसलात."

"हो."

मला वाटलं त्या रडतील, किंवा म्हणतील, जाऊ द्या हो भाऊजी. त्या दोन्हींची माझी तयारी होती. त्यांनी विचारलं, "नीता?"

मला कळलं नाही.

"नीता तुमच्या खांद्यावर बसायची. मी धुवत असले की कपड्यांच्या ढिगात खेळायची." त्यांना धाप लागली, तरी हाताने मला थांबवून त्या बोलत राहिल्या. "कपड्यांचं सोडा. तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. त्या दिवशी तुम्हाला ठाऊक होतं. पाच महिने झाले, भाऊजी. पाच महिने माझ्या पोरीला कोणी तपासलं नाही."

मी त्यांच्यासाठी जीव तोडत होतो. नीताचा विचार एकदाही माझ्या डोक्यात आला नव्हता. माझ्या अपराधात फक्त मी आणि वहिनी होतो. तिसरं माणूस मला दिसलंच नव्हतं.

"मला उद्या कोपरला न्या," त्या म्हणाल्या. "आणि ह्यांना आणि नीताला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी गाडी करून त्यांना कोपरला नेलं. वाटभर त्या बाहेर बघत होत्या. दादाला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्याने विचारलं, "तिला कळलंय?" हो म्हटलं. "बरं," म्हणाला, उठला आणि आत जाऊन वहिनींच्या उशा सारख्या करू लागला. त्या उशा कशा लावायच्या ते त्याला ठाऊक नव्हतं. मी दारातून सांगायला गेलो तर त्याने दार लोटून घेतलं.

नीताचा आणि माझा छातीचा फोटो एकाच दिवशी ठाण्यात काढला. नीताचा स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, पुढेही दर वर्षी दाखवत राहा, आजच्या फोटोवरून उद्याचं सांगता येत नाही. माझ्या फोटोत आवरणावर जुने चट्टे निघाले, पण तेवढ्याने काही होत नाही म्हणे. ज्याने ती धूळ आठ वर्षं खाल्ली त्याला चट्टे, आणि जिने ती झटकली तिला हे. मी डॉक्टरांना विचारलं, त्या दिवशी मी बोललो असतो तर वहिनींच्या इलाजात काही फरक पडला असता का? नाही, ते म्हणाले. मला वाटलं होतं ते ऐकून हलकं वाटेल.

नऊ दिवस वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. मी रोज जायचो, बाहेरच्या खोलीत बसायचो, परत यायचो. दहाव्या दिवशी नीताने आत बोलावलं. वहिनींचा आवाज अगदी खाली गेला होता. "वही घ्या," म्हणाल्या. "तुमच्या खात्यात कोण कोण होतं?" मला सहा-सात नावं आठवली. त्यांनी त्यात भर घातली, आणि नवऱ्यांपेक्षा बायकांची नावं त्यांना जास्त ठाऊक होती, कारण हळदीकुंकवाला यायच्या. कोण कळव्याला राहायला गेली, कोण कल्याणला, कोणाचा मुलगा ठाण्याच्या कॉलेजात होता. "त्यांनीही धुतलेत कपडे," त्या म्हणाल्या. "घरोघर जा आणि सांगा. फोटो काढून घ्या म्हणावं. बायकांनासुद्धा."

मी जायला लागलो. पहिल्या घरी माणूस कधीच वारला होता, दम्याने म्हणाले. दुसऱ्या घरी मला वाटलं तसं कोणी रागावलं नाही, चहा दिला, ते जास्त कठीण गेलं. तिसऱ्या घरून मी थेट कोपरला गेलो. वहिनी डोळे मिटून उशांना टेकल्या होत्या. मी जवळ बसलो. मला काही ऐकायचं होतं. काय ते मी इथे लिहीत नाही, कोणालाही कळेल. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "किती घरं झाली?"

"तीन."

"अजून पुष्कळ आहेत," त्या म्हणाल्या. माझ्याशी त्या शेवटचं बोलल्या ते एवढंच. चौथ्या दिवशी सकाळी नीताचा फोन आला.

दिवसवार झाले. दादा माझ्याशी कामापुरतं बोलत होता. गेल्या रविवारी मी मानपाड्याला निघालो होतो, वहीतल्या चौथ्या घरी. कोपरला दादाला भाजी द्यायला थांबलो तर तो चपला घालून दारात उभा. "मी येतो," म्हणाला. कारखान्याच्या जागी आता दुसरंच काही आहे, त्याच्या मागच्या वस्तीत घर सापडलं. हिराबाई पाटील दार अर्धं उघडून उभ्या राहिल्या. साठीच्या, हाताला पीठ. "ते झोपलेत. कोन तुमी?"

तीन घरी सांगून झालं होतं, तरी मला सुरुवात करता येईना. जुनी ओळख, कारखाना, असं काही मी पुटपुटायला लागलो, आणि दादा माझ्या पुढे झाला.

"हा तुमच्या मालकांबरोबर कामाला होता," तो म्हणाला. "माझी बायको याचे कपडे धुवायची. त्या धुळीने ती गेली. तुम्हीही धुतले असतील, म्हणून सांगायला आलोय."

बाई आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "डोंबिवलीला हळदीकुंकवाला जायचो आमी, ती का? नाव काय बाईचं?"

दादाने चौतीस वर्षं 'अगं' आणि 'ऐकलंस का' यांवर संसार केला. केसपेपरवर ते नाव लिहिताना मी त्याला पाहिलं होतं. त्याच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं, आणि मी तर जन्मभर नुसतं वहिनी म्हटलं.

"सुशीला," दादा म्हणाला.

हिराबाईंनी पिठाचे हात लुगड्याला पुसले, दार पूर्ण उघडलं आणि आत वळून नवऱ्याला हाक मारली.