दबक्या आवाजाची तक्रार

"तिसरं युनिट मिळणार नाही," आमचे मॅनेजर देसाई साहेब म्हणाले. "एकदा बदलून दिलंय ना? आता तू स्वतः जा, बघ, आणि कंप्लेंट क्लोज कर."

"आणि खरंच फॉल्ट निघाला तर?"

"दोन्ही युनिटमध्ये तोच फॉल्ट? निघत नसतो."

गिऱ्हाईक निपाणीचं होतं. तंबाखूचे जुने व्यापारी, आदगोंडा अण्णा. तक्रार एकच, डॉकचा आवाज दबका येतो. मी बेळगावात एका ऑडिओ शोरूममध्ये सर्व्हिस इंजिनियर आहे. असली तक्रार सगळ्यात त्रासाची. मशीन बंद पडलं तर पार्ट बदलता येतो. पण मशीन चालू आहे आणि गिऱ्हाइकाला आवडत नाही, तर कुठला पार्ट बदलणार?

डॉक म्हणजे घरात ठेवायचा स्पीकर. वर मोबाईल बसवायला खाच असते. मोबाईल तिथं चार्ज होतो आणि गाणं वायरशिवाय, घरच्या वायफायवरून स्पीकरमध्ये येतं. अण्णांकडचं आमचं सगळ्यात महाग मॉडेल. त्याचे गुण आम्ही विकतानाच सांगतो. एवढ्याशा पेटीतून अख्खा हॉल भरतो, खर्ज छातीत जाणवतो, वायरींचं जंजाळ नाही. दोष घरी नेल्यावर कळतात. सगळा आवाज एकाच पेटीतून येतो, त्यामुळे मैफिलीत कोण डावीकडे बसलंय, कोण उजवीकडे, ते समजत नाही. भिंतीला चिकटवून ठेवला तर खर्ज फुगतो आणि गाणाऱ्याचे शब्द त्यात बुडतात. जाड भिंतीआड वायफाय पोचत नाही. यातलंच काहीतरी असणार, असा हिशोब करत मी काकती मागं टाकली आणि हायवेनं निपाणीला पोचलो.

दार अण्णांच्या मुलीनं उघडलं. सुनंदाताई. त्या बेळगावात राहतात, मी येणार म्हणून मुद्दाम आल्या होत्या. डॉक त्यांनीच वडिलांसाठी घेतला होता. हॉलमध्ये अण्णा खुर्चीत बसले होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, ताठ पाठ.

"गाव कुठलं रं तुझं?"

"कडोली."

"बरं. ऐक आता. एवढा महागाचा डबा, आणि तंबोरा मेल्यासारखा वाजतोय. कुणाचंबी गाणं लाव, तोंडावर पदर धरून गायल्यासारखं येतंय."

मी ऐकलं. आवाज दबका होताच. डॉक भिंतीतल्या कपाटात, दोन्ही बाजूंनी कोंडून ठेवलेला. खर्ज घुमणारच. मी तो काढून हॉलच्या मध्ये टेबलावर ठेवला. मोबाईलच्या ॲपमध्ये कुणीतरी खर्ज शेवटपर्यंत वाढवला होता, तो खाली आणला. राउटर पुढच्या ऑफिसात होता, मध्ये दगडी भिंत. तो दाराजवळ घेतला. परत लावलं. आवाज उघडा झाला. सुनंदाताईंनी मान हलवली.

"आता?" मी विचारलं.

"तसाच हाय," अण्णा म्हणाले.

रेकॉर्डिंगच खराब असेल म्हणून मी विचारलं, हे गाणं कुणाचं? अण्णांनी मुलीकडं बघितलं. मग सुनंदाताई म्हणाल्या, "माझं आहे."

ते व्हॉट्सॲपवरून आलेलं होतं. असं पाठवलेलं गाणं आकसतं, बारीक तपशील गळतात. मूळ फाईल त्यांच्या लॅपटॉपमध्ये होती. ती डॉकवर घेईपर्यंत वेळ गेला, तेवढ्यात अण्णांनीच सगळं सांगितलं. तरुणपणापासून ते कोल्हापूर, बेळगाव, धारवाडच्या बैठका ऐकत आले. गवई लोक गाणं झाल्यावर त्यांना विचारायचे, कसं झालं अण्णा? पोरीला त्यांनीच गाण्याला घातलं. दोन वर्षांमागं तिचं रेकॉर्डिंग झालं, पहिलं अण्णांना ऐकवलं.

"मी म्हणलं, आवाज जाड झालाय. शब्द खातीयास. परत कर. तिनं परत केलं. तसंच. मी काय खोटं बोलू?"

"नाही अण्णा," सुनंदाताई म्हणाल्या. त्या लॅपटॉपकडेच बघत होत्या. "मी गाणंच थांबवलं. मग एक मैत्रीण म्हणाली, रेकॉर्डिंग चांगलं आहे, घरातला स्पीकरच बारका असेल. म्हणून हा घेतला."

मूळ फाईल लावली. मला गाण्यातलं कळत नाही. पण तंबोरा स्वच्छ होता, तारांची जवारी, ती बारीक झणझण, लख्ख ऐकू येत होती, आणि एकेक शब्द सुटा. या मॉडेलमधून इतकं चांगलं मी शोरूममध्येही ऐकलेलं नव्हतं.

अण्णांनी डोळे मिटून ऐकलं. मग मान नकारार्थी हलवली.

माझ्याकडचा शेवटचा उपाय राहिला होता. आमच्या मोबाईलमध्ये एक टेस्ट टोन असतो. एकच सूर, अगदी खालच्या घुमण्यापासून हळूहळू चढत बारीक शिट्टीपर्यंत जातो. मध्ये कुठं आवाज पडला तर स्पीकरचा तो भाग गेला असं समजायचं. मी तो चालू केला. सूर चढू लागला. खर्ज ठीक. मधला पट्टा ठीक. सूर अजून चढला, शिट्टीसारखा झाला.

"बंद का केलंस?" अण्णांनी विचारलं.

टोन चालू होता. खोलीभर वाजत होता. मी सुनंदाताईंकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. त्यांना कळायला क्षणही लागला नाही.

"झाली टेस्ट, अण्णा," त्या पटकन म्हणाल्या. "बंद केला त्यांनी."

पण अण्णा व्यापारी माणूस. आयुष्यभर समोरच्याचं तोंड बघून माल घेतलेला. त्यांनी मुलीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"खरं सांग रं. बंद केलास?"

सुनंदाताई मला मानेनं 'नको' म्हणत होत्या. मी 'हो' म्हणालो असतो तर तक्रार त्याच मिनिटाला डॉकच्या माथी मारून मोकळं होता आलं असतं. साहेबांची बोलणी खाल्ली असती, एवढंच. पण मग अण्णा उद्या दुसरा डॉक घेणार, आणि मुलीला परत तेच ऐकवणार.

"अजून वाजतोय, अण्णा," मी म्हणालो.

ते उठले, डॉकजवळ आले आणि जाळीला कान लावून वाकून उभे राहिले. बराच वेळ. मग सरळ होऊन मुलीला कानडीत विचारलं, "एष्टु दिनदिंद?" किती दिवसांपासून?

"मला काय माहीत, अण्णा," त्या मराठीतच म्हणाल्या.

वय झालं की कानाला आधी वरचे बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. खालचे शाबूत राहतात, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला नीट ऐकू येतं, लोकच तोंडात बोलतात. स, श, च यांची धार आणि तंबोऱ्याची जवारी वरच्याच पट्ट्यात असते. हे मी त्यांना जमेल तेवढ्या हळू समजावलं. कानाच्या डॉक्टरांना दाखवा म्हणालो. अण्णांनी मध्येच हात वर केला.

"तिचं गाणं परत लाव."

लावलं. ते डॉकसमोर उभेच होते.

"तंबोरा कसा लागलाय?"

"मला त्यातलं कळत नाही, अण्णा. पण स्वच्छ ऐकू येतोय."

"आणि शब्द?"

"सगळे सुटे येताहेत."

त्यांनी मान हलवली. मग ते मुलीकडं वळले. सुनंदाताई चहा टाकते म्हणून आत गेल्या. चहा काही आला नाही. थोड्या वेळानं मी बॅग उचलून निघालो.

साहेबांना फोन केला. "नो फॉल्ट," म्हणालो.

"मी काय सांगितलेलं? कस्टमर मानला का?"

"मानला."

"गुड. क्लोज कर."

पावसाळ्यानंतर सुनंदाताई शोरूममध्ये आल्या, तोच डॉक घेऊन. त्यांना नवा मोबाईल घ्यायचा होता आणि त्याची पिन वरच्या खाचेत बसणार का, हे विचारायचं होतं. बसणार नव्हती. हाही या मॉडेलचा एक दोष, मोबाईल बदलला की खाच निकामी होते. वायफायवर चालेल, म्हणालो. मग अण्णांची चौकशी केली.

"श्रवणयंत्र घेतलं. बोलणं आता लई छान कळतंय त्यांना. पण त्यातून गाणं पत्र्यावर वाजवल्यासारखं येतंय म्हणतात. ते यंत्र बोलण्यासाठीच असतं म्हणे. गाणं सोडलं त्यांनी. डॉक घेऊन जा म्हणाले मला."

"तुम्ही तरी परत सुरू केलंत का?"

त्या डॉकवरची धूळ पुसत होत्या.

"बसले होते रियाजाला. दोन वर्षं गळ्याला सूर नव्हता हो. अण्णा म्हणायचे ना, आवाज जाड झालाय, शब्द खातीयास? आता खरंच तसं झालंय. आणि आता त्यांना ते कळत न्हाय. चांगलं गायलीस म्हणतात."

मी डॉक पॅक करून त्यांच्या गाडीत ठेवून दिला.

हल्ली आवाजाची तक्रार आली की मी स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढत नाही. आधी टेस्ट टोन लावतो आणि घरातल्या सगळ्यांना, एकेकाला, अजून ऐकू येतंय का विचारतो. देसाई साहेब म्हणतात, यात वेळ जातो. जातो खरा. पण मशीनला वॉरंटी असते, आणि उशिरा कळलेल्या गोष्टीला रिप्लेसमेंट नसते.