तडीकाका आणि टाकीचं झाकण

आमच्या काकांसमोर एखादं यंत्र बिघडलं की आधी माणसांनी गप्प बसायचं, असा नियम होता. ते हात वर करून ओरडत, "तडी!" कानडीत तडी म्हणजे थांब. म्हैसूरच्या आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांत अर्धं भांडण मराठीत आणि अर्धं कानडीत होतं, त्यात दरडावण्याचे शब्द हटकून कानडी. आईचा मिक्सर अडकू दे, शेजाऱ्यांची रिक्षा घरघरू दे, काका पाना हातात घेण्याआधी डोळे मिटून, मान वाकडी करून ऐकत बसायचे. मध्ये कुणी खोकलं तरी त्याला तडी. एकदा सत्यनारायणाच्या पूजेत पंखा कुरकुरला, तेव्हा त्यांनी भटजींनाही हात दाखवला होता. आम्हा मुलांनी त्यांना तडीकाका करून टाकलं आणि ते नाव त्यांच्या तेराव्यापर्यंत टिकलं.

आम्ही मूळचे रंगारी. पणजोबांच्या काळात घरी सूत रंगवायचे तांब्याचे हंडे होते आणि ते उकळायला गाडीभर जळण यायचं. पुढे रंगाचा धंदा बसला, हंडे मोडीत गेले आणि जळण तेवढं हातात राहिलं. बन्नीमंटपच्या बाजूला आमचा जळणाचा डेपो झाला. पाटीवर कानडीत 'सौदे डेपो', सौदे म्हणजे सरपण. माझे वडील थोरले, ते सरकारी नोकरीत, घर कुवेंपुनगरात. डेपो धाकट्या काकांच्या अंगावर. मागच्या खोलीत ते एकटेच राहत. लग्नाचा विषय काढला की म्हणत, "सुम्ने कुणाचं वाटोळं कशाला? बायको बोलायला लागली की मी तिलापण तडी म्हणेन." सुम्ने म्हणजे उगाच. हा त्यांचा दुसरा लाडका शब्द.

ते गोड माणूस मुळीच नव्हते. लग्नाचे आचारी लाकूड न्यायला आले आणि ओलं आहे म्हणून कुरकुरले, की काका सरळ सांगत, "मग चुलीवर तुम्ही बसा." पण मी कॉलेजातून येताना डेपोवर डोकावले आणि नुसतं "काका" म्हटलं, तरी ते वर न बघता विचारत, "कुणाशी भांडलीस?" बहुतेक वेळा मी खरंच भांडलेली असे. माझ्या घरात माझा आवाज एवढ्या लक्षपूर्वक दुसऱ्या कुणी ऐकला नाही.

कुऱ्हाडीनं फोडणारी माणसं मिळेनाशी झाली आणि काकांचा उजवा खांदा कायमचा दुखावला, तेव्हा त्यांनी हट्टानं लाकडं फोडायचं हायड्रॉलिक मशीन आणवलं. त्याची रीत त्यांनी मला मोठ्या कौतुकानं समजावली होती. मोटर पंप फिरवते, पंप टाकीतलं तेल दाबानं सिलिंडरमध्ये ढकलतो आणि सिलिंडर ओंडक्याला पाचरीवर रेटतो. चिंचेचा गाठाळ ओंडका कडकड करत फाटला की काका घरातल्या पोरानं बक्षीस मिळवल्यासारखे इकडेतिकडे बघत. बाबांनी होकार दिला, पण अट घालून. "हे बंद पडलं तर डेपो बंद. मग मला काही सांगायचं नाही." डेपोच्या जागेवर एका बिल्डरचा डोळा होता आणि बाबांचा त्या बिल्डरवर.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आयुधपूजेला म्हैसुरात सगळेच आपापल्या गाड्या, अवजारं पूजतात. आमच्यात मात्र रंगाऱ्यांच्या दिवसांपासून हंड्याचं तोंड माखायची चाल आहे. घरातल्या थोरल्यानं हळद भिजवून तिचा जाड लेप हंड्याच्या तोंडाला द्यायचा, वर कुंकू लावायचं. हंडा वर्षभर भरलेला राहावा म्हणून. हंडे गेले तरी चाल गेली नाही. मशीन आलं त्या वर्षीही बाबा धोतर नेसून डेपोवर आले, मशीनचं तोंड कुठलं म्हणून त्यांनी चौकशी केली आणि जिथून तेल भरतात त्या टाकीच्या झाकणावर बोटभर लेप थापला. काकांनी नमस्कार केला. मीही केला.

दसरा झाला आणि मशीनची ताकद गेली. सुरूच्या झाडाची बारीक लाकडं कशीबशी फुटत, पण चिंचेचा ओंडका आला की पाचर अर्ध्यात रुतून बसे आणि पंप किंचाळू लागे. "रडतंय," काका म्हणाले. त्यांनी तेल पाहिलं, ते पुरेसं होतं. गाळणी धुतली, नळ्यांचे सांधे आवळले, दाबाच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग काढून तपासली, सिलिंडरची सील बदलली. दर वेळी दुरुस्तीनंतर टाकी उघडी ठेवूनच चालवून बघत आणि मशीन झकास चाले. मग भुसा आत जाऊ नये म्हणून झाकण घट्ट लावत आणि काही वेळानं पुन्हा तेच रडणं. मिस्त्री आला, त्यानं पंपच गेला म्हणून सांगितलं.

बाबा रोज संध्याकाळी यायचे आणि मशीन चालू असताना डोक्यावर उभं राहून बोलत सुटायचे. "सगळं उघडून उघडून नासवलंस. यंत्र म्हणजे काय कुऱ्हाड आहे?" काका इतरांना बेधडक तडी म्हणत, पण थोरल्या भावाला तो शब्द त्यांनी आयुष्यात कधी म्हटला नाही. मान खाली घालून ते बोलणं ऐकत राहत, आणि ते ऐकताना मशीनचं ऐकायचं राहून जाई. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर बिल्डरला हो म्हणतो, असं बाबांनी मग स्पष्टच सांगितलं.

शेवटी बाबा एका लग्नाला बाहेरगावी गेले, त्या दिवशी गुंता सुटला. मी काकांचा डबा घेऊन गेले होते. मशीन नुकतंच रडून थांबलं होतं. काकांनी तेल बघायला झाकणाला हात घातला आणि एकदम मला तडी केली. झाकण अगदी सावकाश सैल केलं. सुस्स असा बारीक आवाज झाला.

"ऐकलंस?"

"हवा गेली आत," मी म्हटलं.

"टाकीनं श्वास घेतला गं. म्हणजे इतके दिवस कोंडला होता, अल्वा, हो ना?"

झाकणाच्या मधोमध हवा आत जायला एक बारीक भोक असतं. तेल पंपाकडे गेलं की त्याच्या जागी हवा यायला हवी, नाहीतर टाकी तेल सोडत नाही आणि पंप उपाशी ओरडतो. काकांनी माझ्या ओढणीची पिन मागून घेतली आणि भोक टोकरलं. पिवळी, लाल, दगडासारखी वाळलेली खपली त्यांच्या तळहातावर पडली. झाकण घट्ट लावून त्यांनी मशीन सुरू केलं. ढिगातले चिंचेचे सगळ्यांत वाईट ओंडके एकामागून एक फाटत गेले. मी टाळ्या वाजवल्या. काका मात्र हाताकडे बघत बसले होते. "हा दादांचा हात आहे," ते म्हणाले, "आता हे सांगायचं कसं?"

सांगितलं त्यांनी. आमच्या बैठकीत, उभ्यानंच. "दादा, मशीनला काहीच झालेलं नव्हतं. झाकणाचं भोक तेवढं बुजलं होतं. आता छान चालतंय."

"कशानं बुजलं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग मीच म्हणाले, "हळदीनं. पूजेच्या."

बाबांचा चेहरा उतरला आणि लगेच कडक झाला. "म्हणजे माझ्या पूजेनं मशीन बिघडलं? बापजाद्यांची रीत खोटी आणि तुझी पानापक्कड खरी? तुला डेपो सोडवत नाही, म्हणून आता पूजेवर घालतोस?"

"तसं नाही, दादा."

"मग कसं? मी शब्द देऊन बसलोय."

बिल्डरला होकार लग्नाला जायच्या आधीच गेला होता. दिवाळीची मुदत काकांना नुसती नावाला दिली होती, एवढंच.

मशीन घ्यायला कृष्णराजनगरहून एक वखारवाला आला. काका स्वच्छ शर्ट घालून आले होते. त्यांनी विचारलं, "चालू करून दाखवू?" बाबा म्हणाले, "नको. गेलेलं आहे ते. मोडीच्या भावानं द्यायचंय." सगळ्या नातेवाइकांत, धाकट्यानं उघडून उघडून मशीन मारलं, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आता ते चालताना चारचौघांत दिसलं असतं तर पंचाईत होती. मला वाटलं, काका आता हात वर करतील, तडी म्हणतील. मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हणा, एकदा तरी म्हणा. त्यांनी स्विचवरचा हात काढून घेतला आणि मशीन टेम्पोत चढवायला दुखऱ्या खांद्यानं मदत केली. मला बाबांचा राग आला आणि काकांचाही आला. तो अजून गेलेला नाही.

काका आमच्या माडीवरच्या खोलीत राहायला आले. जेवायला बोलावलं की येत, वाढलेलं खात. मिक्सर अडकला की आई हाक मारायची. ते यायचे, पण ऐकत बसायचे नाहीत. "नवा आणा, वहिनी. स्वस्त मिळतो." डेपोत गरजणारा माणूस आमच्या घरात जिना चढतानाही आवाज होऊ नये म्हणून जपायचा. वखारवाल्याकडे मशीन उत्तम चालतं असं कुणीतरी येऊन सांगितलं, तेव्हा फक्त त्यांनी मान वर केली. "झाकण कसं लावतो विचारलंत का?" म्हणाले. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. अशाच एका सकाळी काका उठलेच नाहीत. माणसं भेटायला आली, तेव्हा बाबा रडत होते, आणि मला ते बघवत नव्हतं.

त्यानंतरच्या आयुधपूजेला आमच्या अंगणात माझी स्कूटर उभी होती. बाबांनी नेहमीप्रमाणे हळद भिजवली, सीट उचलली आणि पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला जाड लेप दिला. कुंकू लावलं, हात जोडले. मग इकडेतिकडे बघून त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक पिन काढली आणि झाकणाचं बारीक भोक हलक्या हातानं मोकळं केलं. मी दारातून बघत होते.

"हे काय करताय, बाबा?"

ते दचकले. मग पिन पुसत म्हणाले, "काही नाही गं. भोक बुजलं की गाडी बंद पडते ना."

मी आतून ओलं फडकं आणलं आणि त्यांच्यासमोर तो लेप, कुंकवासकट, पुसून काढला. तेव्हापासून माझ्या गाडीला मी बाबांचा हात लागू दिलेला नाही.