गिरणीवाल्याचा पराभव

साठच्या दशकाच्या सुरुवातीला अकोल्याच्या जुन्या शहरात कापसाच्या जिनिंगमधले मजूर एका इंग्रज मंत्र्याच्या आयुष्याची गोष्ट दर रविवारी ऐकत. मी तेव्हा अमरावतीच्या एका दैनिकाचा अकोल्यातला बातमीदार होतो. पहिल्यांदा गेलो तो चार ओळींची बातमी मिळेल म्हणून. बातमी झाली नाही. मी मात्र जात राहिलो.

गोष्ट सांगणारे गृहस्थ अमरावतीच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. घर अकोल्याचंच, मोर्णा नदीच्या पलीकडे, दोन खोल्यांचं. पत्नी वारली होती, मुलगी धामणगावला दिली होती. कॉलेजात त्यांना सर म्हणत. इथे ते मास्तर झाले. नगरपालिकेच्या शाळेच्या व्हरांड्यात दुपारी सतरंजी पसरायची, मंडळी जमली की उभं राहून बोलायचं, असा रिवाज. आवाज बारीक होता आणि ते एकही वाक्य दोनदा बोलत नसत.

ते ज्याच्याविषयी बोलत तो कामगारांच्या बाजूनं राजकारण करत वर चढलेला, ब्रिटनच्या मंत्रिमंडळातला एक ज्येष्ठ मंत्री. त्याचं नाव लांब आणि जिभेला अवघड. दुसऱ्याच रविवारी कोणीतरी त्याला ‘गिरणीवाला’ म्हटलं आणि मास्तरांनीही तेच उचललं. लँकशरमधल्या एका गावात विणकराच्या घरी जन्म. दहाव्या वर्षापासून अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस सूतगिरणी.

“अन् मजुरी?” पुढच्या रांगेतल्या बाईनं विचारलं.

“अर्धीच.”

“बाप्पा! तठीबी कापतेतच?”

लोक हसले. ही बाई जिनिंगमध्ये रेच्यावर होती. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रात कापूस टाकायचं काम. वय चाळीसच्या आसपास. छप्पन साली घरातली सगळी बौद्ध झाली तेव्हापासून ती वाचायला शिकत होती आणि दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत रस्त्यानं चाले. तिचा नवरा हमाली करी आणि कमी बोले.

“मास्तर, त्याच्या गिरणीत कापूस कुठला जाये?” मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं.

“पुष्कळसा अमेरिकेचा. थोडा आपल्या वऱ्हाडचाही जात असेल.”

“म्हंजे कापूस आपला अन् मंत्री त्याहीचा!”

मास्तरांना हसणं आवरलं नाही. असे पाच-सहा रविवार गेले. गिरणीवाला रात्रीच्या शाळेत शिकला. युनियनचा चिटणीस झाला. पहिल्यांदा पार्लमेंटमध्ये गेला तेव्हा अंगावर भावाचा कोट होता, कारण स्वतःच्या कोटाची कोपरं गेली होती. मग मंत्री झाला. इथवर गोष्ट आली आणि नगरपालिकेची निवडणूक लागली.

वॉर्डातून जिनिंगचे मालक उभे राहणार हे ठरलेलं होतं. माणूस वाईट नव्हता. मजुरी वेळेवर देई, आजारपणात चार-आठ आणे हातावर ठेवी. पण नदीकाठच्या वस्तीत नळ आणण्याचं आश्वासन त्यांनी मागच्या निवडणुकीतही दिलं होतं आणि बाया अजून मोर्णेच्या झिऱ्यांवरूनच पाणी भरत होत्या. मंडळी मास्तरांकडे गेली.

“तुमीच उभे राहा ना, मास्तर.”

“मला कोण मत देईल?”

“तो गिरणीवाला उभा राह्यला तवा त्यानं असं इचारलं होतं का?” बाई म्हणाली.

मास्तर उभे राहिले. प्रचार केला तो तिनं आणि तिच्याबरोबरच्या सात-आठ बायांनी. काम सुटलं की गल्ल्यांतून फिरत, दारादारांत बसत. मालकाच्या जिनिंगमधल्या बाया मालकाविरुद्ध उघड फिरताहेत ही जुन्या शहराला नवी गोष्ट होती. मुकादमानं तिला फाटकात थांबवून सांगितलं, “माय, हरल्यावर कुठी जाशीन? हंगाम अजून अर्धा बाकी हाय.”

“तुयाच घरी येईन भाकरी खायाले,” ती म्हणाली.

तिनं हे हसण्यावारी नेलं, पण धोका खरा होता. उन्हाळा आणि पावसाळ्याचे पहिले महिने जिनिंग बंद असे. वर्षाचं धान्य हंगामाच्या कमाईतून भरायचं. हंगाम मध्येच गेला तर तिच्या घरी आषाढात चूल पेटणं कठीण होतं.

मतमोजणी शनिवारी दुपारी, त्याच शाळेत झाली. बाया खाडा करून आल्या होत्या. वर्गणी काढून झेंडूचा मोठा हार आणला होता आणि तो ओल्या फडक्यात गुंडाळून बाईच्या मांडीवर होता. चार वाजायच्या सुमारास निकाल लागला. मास्तर हरले. फरक थोडा होता.

मालकांच्या माणसांनी गुलाल उधळायला सुरुवात केली. तेवढ्यात मास्तर व्हरांड्याच्या पायरीवर चढले, हात वर करून त्यांनी गर्दी शांत केली आणि बाईकडून हार मागून घेतला. तिला वाटलं, आपल्यासमोर दोन शब्द बोलून ते तो आपल्याच लोकांपैकी कोणाला घालतील. मास्तरांनी तो मालकांच्या गळ्यात घातला.

“मतदारांनी निर्णय दिला आहे आणि तो मला मान्य आहे,” ते म्हणाले. “मी विजयी उमेदवारांचं अभिनंदन करतो. आजपासून ते सगळ्या वॉर्डाचे सभासद आहेत. ज्यांनी त्यांना मत दिलं नाही, त्यांचेही.”

मालक गोंधळले. अशा प्रसंगी काय बोलायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण असा प्रसंगच कधी आला नव्हता. त्यांनी हात जोडले, मास्तरांच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, “मास्तर आपलेच आहेत!”

टाळ्या पडल्या. मी बायांकडे पाहिलं. त्या उठून चालू लागल्या होत्या.

संध्याकाळी पुलाजवळच्या चहाच्या दुकानात एकच विषय होता. मास्तर फिरले. काही म्हणाले, आधीपासून ठरलेलं होतं; मजुरांची मतं गोळा करायची आणि मालकाच्या पायाशी नेऊन टाकायची. एकानं तर कितीत सौदा झाला तेही सांगितलं. मी बातमीचं पाकीट गाडीनं अमरावतीला पाठवलं. रविवारच्या अंकात संपादकांनी ‘पराभूत उमेदवाराचे अनुकरणीय वर्तन’ असा मथळा दिला. अमरावतीतल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना तो फार आवडला असं नंतर कळलं. अकोल्यात नदीपलीकडे अंक कमीच येत.

त्या रविवारी सतरंजीवर कोणी आलं नाही. मी गेलो तेव्हा मास्तर व्हरांड्यात एकटे उभे होते.

“आजचा विषय त्याच्या पराभवाचा होता,” ते मला म्हणाले. “मंत्री असताना तो स्वतःच्या गावात हरला. तिकडं निकाल टाउन हॉलच्या पायऱ्यांवर जाहीर करतात. हरलेल्यानं तिथंच जिंकलेल्याचं अभिनंदन करायचं, अशी रीत आहे. त्यानं ते इतकं चांगलं केलं, की विरोधकांनी टोप्या काढल्या. मी वीस वर्षं मुलांना हे शिकवलं.”

“इथे सांगितलं होतं?”

“नाही. तोवर निवडणूक लागली.”

आम्ही बाईच्या घरी गेलो. सकाळीच मुकादमाचा निरोप येऊन गेला होता: सोमवारपासून तू येऊ नको. बाकीच्या बायांना ठेवलं होतं. ती अंगणात तुरी पाखडत होती. चार-पाच शेजारणी होत्या, त्याही जिनिंगमधल्याच. तिनं बाज पुढे सरकवली, पण बसा म्हणाली नाही.

“बोलले त बोलले, मास्तर,” ती म्हणाली. “तोंड हाय, मानूस बोलते. पन आमचा हार त्याच्या गळ्यात काहून घातला?”

मास्तरांनी रीत समजावून सांगितली. टाउन हॉल, पायऱ्या, टोप्या. तिनं सूप खाली ठेवून सगळं ऐकलं.

“म्हंजे गिरणीवाल्यानंबी हार घातला त्याच्या दुश्मनाले?”

“नाही. तिकडं हार घालत नाहीत. हात मिळवतात.”

“मंग हाराचं तुमच्या मनचं?”

“हो,” मास्तर म्हणाले. “ते माझं.”

एक शेजारीण तोंडाला पदर लावून हसली. बाईलाही हसू आलं, पण तिनं ते दाबलं.

“अन् त्याच्यासाठी ज्या बाया फिरल्या, त्याइले गिरणीतून काढलं का, तो हरल्यावर?”

“काढता आलं नसतं. युनियन होती. एकीला काढलं असतं तर सगळ्यांनी यंत्रं बंद केली असती.”

“हे कवा सांगनार होते?”

मास्तर बाजेच्या कडेवर टेकले. “ते मी कधीच सांगितलं नाही. कॉलेजातही नाही. पार्लमेंटमधली भाषणं सांगत राहिलो.”

तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. “तुमी सौदा केला असं सारे म्हनून राहिले. मले वाटलं नाई. सौदेवाला मानूस असा तोंड पाडून येत नाई.” मग शेजारणींकडे वळून म्हणाली, “उद्या कोनाकोनाले यंत्र बंद करता येते, सांगा.”

प्रत्येकीच्या घरचं धान्य त्याच हंगामावर होतं. मग जी हसली होती तीच म्हणाली, “मी हाय.” तिच्यानंतर दुसरी. अंधार पडायच्या आत त्या दोघी-तिघी वस्तीत फिरून बाकीच्या बायांना सांगून आल्या.

“मी मालकांशी बोलतो,” मास्तर म्हणाले.

“तुमी उद्या फक्त बसा,” बाई म्हणाली. “बोलनं झालं तुमचं शनिवारी.”

सोमवारी सकाळी भोंगा झाला तेव्हा रेच्यांवरच्या बाया फाटकाबाहेर जमिनीवर बसल्या होत्या. मास्तर त्यांच्यात, पांढरं धोतर, वर काळा कोट, मांडी घालून. आत हमाल कामाला लागले, पण रेच्यांवर हात नव्हते. दहा वाजेपर्यंत कापसाच्या बैलगाड्यांची रांग रस्त्यावरून वळून पुढच्या चौकापर्यंत गेली. गाडीवाले आधी शिव्या देत होते, मग त्यांनी बैल सोडून विड्या पेटवल्या.

मालक आले. मास्तरांना धुळीत बसलेलं पाहून त्यांना खरंच वाईट वाटलं असावं.

“मास्तर, उठा. आत खुर्ची देतो.”

“इथेच बरा आहे.”

“परवा माझं अभिनंदन केलं, अन् आज धरणं?”

मास्तरांनी बाईकडे पाहिलं. तिनं मान हलवली, म्हणजे बोला.

“परवा तुम्ही निवडून आलात. तक्रार आता तुमच्याकडेच आणायची ना? ज्यांनी मत दिलं नाही त्यांचेही तुम्ही सभासद.”

“हे विलायतेत चालत असेल.”

“विलायतेत आधी यंत्र बंद करतात, मग तक्रार करतात.”

बाया हसल्या. मालकही अर्धवट हसले, मग त्यांची नजर गाड्यांच्या रांगेकडे गेली. एका गाडीवाल्यानं ओरडून विचारलं, “मालक, कापूस दुसऱ्या जिनात नेऊ का?” मालकांनी मुकादमाला बोलावलं.

“घे सगळ्याइले आत.”

“अन् हे?” मुकादमानं बाईकडे बोट केलं.

मालक फाटकाकडे वळले. “तिलेबी.”

तिला घेतलं, पण रेच्यावर नाही. सरकीच्या कोठीत भरणी करायला लावलं, जिथे धूळ जास्त आणि वारा कमी. तिनं त्यावर वाद घातला नाही. हंगाम संपेपर्यंत ती तिथेच होती. मी पाच ओळींची बातमी पाठवली. संपादकांनी आतल्या पानावर, कापसाच्या भावांखाली लावली.

पुढच्या रविवारी सतरंजी पुन्हा भरली. चहाच्या दुकानातली काही मंडळी आली नाहीत. मास्तरांनी सौदा केला हे ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. बाई उशिरा आली. केसांत सरकीचा फुफाटा तसाच होता आणि ती खोकत होती. मास्तर तिच्यासाठी थांबले होते. त्यांच्या हातात टिपणं नव्हती.

“हां, सांगा,” ती बसत म्हणाली. “हरल्यावर दुसऱ्या दिवशी काय केलं त्यानं?”

“सकाळी युनियनच्या ऑफिसात गेला. मंत्री व्हायच्या आधी तिथं त्याचं एक टेबल होतं. ते परत मागितलं.”

“देल्लं?”

“दिलं. पण खिडकीजवळचं नाही. दाराजवळचं दिलं, येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागेल असं.”

ती खोकली, पदरानं तोंड पुसलं.

“चालते,” ती म्हणाली. “मंग?”