तीन तोफगोळ्यांची पेटी

मला जर्मन दारूगोळ्याच्या पेट्या ओळखता येतात, आणि हे सांगायला मी लाजत नाही. अमेरिकेत नोव्हाय गावातल्या आमच्या घराचं बेसमेंट त्यांनीच भरलेलं होतं. नवरा म्हणायचा, "लोकांच्या बायका साड्या जमवतात, हिने भंगार जमवलंय!" मी म्हणायचे, तुझ्या गोल्फच्या काठ्यांपेक्षा बरं. गाड्यांच्या दारांचे पत्रे ज्यात दाबून काढतात, त्या डाय डिझाइन करणं हे माझं पोटापाण्याचं काम. पत्रा कुठे ताणलाय, कुठे वेल्डिंगचा टिपका दिलाय, हे मला नुसता हात फिरवून कळतं. जुन्या बंदुका-पेट्यांचा बाजार भरतो त्या गन शोमध्ये टेबलामागचे बाप्ये आधी विचारायचे, "हनी, नवऱ्याला शोधतेयस का?" मग मी त्यांच्या अस्सल म्हणवणाऱ्या पेटीवरचा शिक्का मागाहून मारलाय हे दाखवून द्यायचे, की ती पेटी टेबलाखाली जायची. मजा यायची, खोटं कशाला बोलू!

साधारण २००५ ची गोष्ट. समोरच्या घरात एक अमेरिकन आजोबा एकटेच राहायचे. वय ऐंशीच्या पुढे, तरुणपणी दुसऱ्या महायुद्धात जर्मनीला जाऊन आलेले. एक दिवस स्वतःच रस्ता ओलांडून आले नि म्हणाले, "तुला पेट्यांतलं कळतं ना? मग माझ्या मुलाला सांग, मी वेडा झालेलो नाही."

प्रकरण असं होतं. त्यांच्या गराजमध्ये पाने-पकडी ठेवायची एक लाल पेटी होती. आजोबा म्हणत, ही मी जर्मनीहून आणली. मुलगा म्हणे, डॅड, ती हार्डवेअरच्या दुकानातली टूलबॉक्स आहे. आजोबा अलीकडे विसरायला लागले होते, शेगडी चालूच राहायची, त्यामुळे त्यांचं खरंही आता कुणी खरं धरत नव्हतं. मुलगा घर विकून त्यांना वृद्धाश्रमात ठेवायच्या विचारात होता. "घर जाऊ दे," आजोबा म्हणाले, "पण माझं अख्खं आयुष्यच त्याला खोटं वाटायला लागलंय." मला त्या मुलाचा भयंकर राग आला.

शनिवारी मुलगा आला तशी मी टॉर्च घेऊन गराजमध्ये हजर. तो सभ्य होता, पण सारखं घड्याळ बघत होता. मी पेटी उघडूच दिली नाही.

"आजोबा, आधी सांगा, आत काय होतं?"

"उखळी तोफेचे तीन गोळे," ते क्षणभरही न थांबता म्हणाले. "आडवे ठेवलेले. खाली पत्र्याच्या अर्धगोल बैठका होत्या. मीच छिन्नीने तोडल्या."

"आत तसलं काहीही नाहीये," मुलगा म्हणाला. "लहानपणी मीच रंगवलीय ती, आतूनसुद्धा."

"झालं तर मग!" मी म्हटलं. "त्या बैठका तू पाहिलेल्या नाहीस, मीही नाही. आता बघू या."

पाने-पकडी बाहेर काढल्या. कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन मी हळूहळू लाल रंग उतरवला. झाकणावर कारखान्याची सांकेतिक अक्षरं निघाली, शेजारी सालाचे दोन आकडे. आणि तळाला, तीन गोळ्यांच्या तीन जागी, वेल्डिंगचे टिपके उचकटल्याच्या खुणा.

"ये, हात लाव," मी मुलाला म्हटलं. "पेटी जर्मन आहे, लढाईतलीच आहे. आणि तू जन्मायच्या आधी तिच्या आत काय होतं, ते तुझ्या वडिलांना आठवतंय. शंभर टक्के."

त्याने त्या खुणांवरून दोनदा बोट फिरवलं. मग विचारलं, "पण डॅड, तू त्या बैठका तोडल्यास कशाला?"

"सामान मावत नव्हतं. माझ्या मित्राचं. बूट, दाढीचा ब्रश, माउथऑर्गन. तो तिकडे लढाईतच गेला. त्याच्या आईला नेऊन द्यायचं होतं. तिने सगळं काढून घेतलं आणि पेटी माझ्याच हातात ठेवली. म्हणाली, ही घेऊन जा, मला बघवत नाही."

"हे मला कधीच सांगितलं नाहीस!"

"सांगायला घ्यायचो," आजोबा म्हणाले. "पण 'ही मी जर्मनीहून आणली' एवढं म्हटलं, की तू मला तिथेच थांबवायचास."

मुलगा खाली सिमेंटवरच बसला. "बोल," म्हणाला. आजोबा बोलत राहिले, आणि मी त्यांच्या पाने-पकडी पुसून एका बाजूला रचत बसले.