गरिबांचे ओव्हरसीअर

त्र्यंबक देवपुजारी नागपूरला बांधकाम खात्यात उभी हयात कारकुनी करून रिटायर झाले. ओव्हरसीअर व्हायचं राहूनच गेलं. ते झाले सदुसष्टाव्या वर्षी, आणि तेही अमेरिकेत! मुलाकडे, राजीवकडे, न्यू इंग्लंडमधल्या एल्मस्बरी नावाच्या डोंगराळ गावात ते राहायला आले होते. १९८४च्या मार्चमध्ये गावसभा भरली. जुन्या कायद्याप्रमाणे दरवर्षी ‘गरिबांचा ओव्हरसीअर’ निवडावाच लागे आणि ते लचांड कोणालाच नको असे. नुकतेच नागरिक झालेले त्र्यंबककाका हौसेनं पहिल्या रांगेत बसले होते. कोणीतरी गमतीत त्यांचं नाव सुचवलं, सगळ्यांनी हात वर केले. काकांनी मात्र हात जोडून आभाराचं लांबलचक भाषण ठोकलं.

हुद्दा मोठा रुबाबाचा बरं का! आळशी माणसाला वर्कहाऊसमध्ये, म्हणजे सक्तीच्या कामाच्या घरात, डांबायचा अधिकार होता त्यांना. आता त्या घरात बर्फ काढायचे ट्रक उभे राहत, ही गोष्ट वेगळी. रविवारी राजीव सोफ्यावर लोळताना दिसला की काका गरजायचे, “ऊठ, नाहीतर टाकीन आत!”

खरं काम म्हणजे गावनिधीतून अडल्यानडल्याच्या घरी थंडीत घर गरम ठेवायचं तेल, लाकडं पोचवणं. सोबत सुनेत्राच्या, त्यांच्या सुनेच्या, हातचा चिवडाही जाई. नागपूर सोडल्यापासून कोणाला त्यांची गरज पडली नव्हती. आता ते रोज सकाळी दाढी करून, टाय बांधून तयार असत.

घोडं अडलं ते मेबल प्रुइटपाशी. ही शाळेची बस चालवून थकलेली विधवा बाई. नोव्हेंबरात काका गेले तर ही थंडगार स्वयंपाकघरात कोट घालून बसलेली.

“तेल नको,” ती म्हणाली. “घेतलं की मार्चमध्ये गावसभेत तुम्ही माझं नाव मोठ्यानं वाचणार.”

“नाही वाचणार.”

“दुसरा कोणी वाचेल. कायदाच आहे तसा. माझ्या आईचं वाचलं होतं. मी तिच्या शेजारी बसले होते.”

त्या दिवशी काकांना जेवण गेलं नाही. हे जुने कायदे रद्द करायचं बिल राज्याच्या राजधानीत, एका समितीपुढे, कधीचं धूळ खात पडलं होतं, कारण त्यावर बोलायला कोणी फिरकतच नव्हतं.

“बाबा, लॉ रिपील झाला की तुमची पोस्टपण कॅन्सल. माहितीये ना?” सुनेत्रानं विचारलं.

माहीत होतं. जिवावर आलं होतं. तरी सकाळी त्यांनी राजीवला गाडी काढायला लावली.

“या कायद्याचा आता त्रास तरी कोणाला होतो?” राजधानीत त्या समितीच्या अध्यक्षांनी जांभई देत विचारलं.

“मला,” काका म्हणाले. “आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत मी जिलब्या वाढायचो. वाढप्यानं आग्रह करावा, कोणी किती खाल्ल्या ते मोजू नये. तुम्ही मला मोजायला लावता, वर सभेत ओरडून सांगायला लावता. असलं वाढणं मला जमणार नाही. कायदा काढा, त्याबरोबर मलाही काढा.”

अध्यक्ष हसले खरे, पण त्यांची जांभई पळाली. जानेवारीत कायदा गेला, हुद्दाही गेला. तोवर सुनेत्रानं मेबलला आपल्याच घरी ठेवून घेतलं होतं. पाहुण्यांची नावं वाचायचा कायदा काही नव्हता! निधी मात्र राहिला, आणि मेबल घरी परतली ती तेलानं भरलेल्या टाकीकडे.

मार्चमध्ये पुन्हा गावसभा भरली. काका टाय न बांधता मागच्या रांगेत बसले, शेजारी मेबल. ओव्हरसीअरच्या निवडीची वेळ आली तशी निघून गेली. काकांना फार वाईट वाटलं. आपण पुन्हा कोणाचे कोणी नाही, असं वाटून ते खाली बघत राहिले.

तेवढ्यात मेबल उठली.

“मी मेबल प्रुइट,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “या हिवाळ्यात गावानं माझ्या घरी तेल भरलं. मला कोणी विचारलेलं नाही. मीच सांगतेय. थँक्यू.”

आणि ती बसली. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. काका टाळ्याही वाजवत होते आणि रडतही होते, आणि दोन्ही थांबता थांबेनात.