पुलाखालची धार

धार काढण्याआधी जोतीरामतात्या म्हशीच्या पोटाला गाल टेकायचे. ग्लास भरला की आधी फेस बघायचे, मग गिऱ्हाइकाला द्यायचे. हसताना तोंडावर टॉवेल धरायचे. बोलताना नजर मात्र खालच्या अंगाला, दुसरे दूधवाले गणपतराव यांच्या कट्ट्यावर.

आमच्या कोल्हापुरात संध्याकाळी लोक कट्ट्यावर उभे राहून समोर काढलेलं निरसं दूध पितात. तात्यांचा कट्टा रेल्वे फाटकाला लागून. फाटक पडलं की खोळंबलेली माणसं ग्लास मागायची. माझी त्यांची दोस्ती तिथलीच. दोन हजार तीन साली उड्डाणपूल झाला, फाटक कायमचं बंद झालं आणि गाड्या तात्यांच्या डोक्यावरून जाऊ लागल्या. पूल उतरतो तिथे गणपतराव. सगळी गर्दी तिकडे.

"पूल त्याच्यासाठीच बांधलाय की," तात्या म्हणायचे. "सरकारनं सोयरीक केलीया."

शेवटी तात्यांनीही म्हैस तिथेच पुलाखाली, गणपतरावांच्या शेजारी नेली. वरून ट्रक गेला की पूल धडधडायचा. म्हैस पान्हा चोरायची. शेजारची निवांत दूध द्यायची.

"तात्या, म्हस रुसली काय?" गिऱ्हाइकं विचारायची, आणि ग्लास गणपतरावांकडे घ्यायची.

"नजर लावतोय त्यो," तात्या म्हणाले. म्हशीच्या गळ्यात काळा दोरा आला.

त्यांच्या बायको तानाकाकू फटकन म्हणाल्या, "कसली नजर! दिवाळी पाडव्याला म्हशींच्या मिरवणुकीत त्यो म्हस मोटरसायकलमागं पळवतोय. तिला आवाजाची सवय हाय. तुमी बसा नाक मुरडत."

तात्या माझ्याकडे वळले. "लेका, तुझी राजदूत फटफटी घिऊन ये."

पावसाळाभर ते गोठ्यात धार काढत आणि मी शेजारी राजदूत गुरगुरवत उभा राही.

दसऱ्याला संध्याकाळी त्यांनी म्हैस पुन्हा पुलाखाली उभी केली. वरून ट्रक गेला. ती हलली नाही. चरवीत धार वाजू लागली. दोघे-तिघे वळून बघू लागले.

"बघ म्हणावं आता!" तात्या मला म्हणाले, पण शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

मग चरवी कलंडली. तात्यांचा गाल म्हशीच्या पोटाला टेकलेलाच होता. मी हाक मारली. ते उठले नाहीत.

रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मान हलवली. मला अजून ते खरं वाटत नाही.

म्हैस न्यायला तानाकाकूंबरोबर मी परत आलो. गणपतराव चरवी धुऊन उभे होते.

"वहिनी, मुकी ताटकळलीया. मी काढतो."

काकूंनी हात आडवा धरला. "तुमी नगा."

त्यांनी दावं सोडलं. म्हैस चालू लागली. तिची दोन सडं अजून भरलेली होती.