इमारतीत एकच डबा

पर्ल ही संगणकाची भाषा आता कोणी हौसेने शिकत नाही. जुने प्रोग्राम मात्र चालूच असतात आणि ते दुरुस्त करायला माझ्यासारखी केस पिकलेली माणसं लागतात. सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून मी तेच करते. आई गेल्यापासून घरात मी एकटीच. दोन शब्द बोलायचे तर भाजीवाल्याशी, आणि तोही हल्ली मोबाइलमध्ये डोकं घालून असतो.

कोपरखैरण्यातल्या एका घरगुती डब्यांच्या स्वयंपाकघराचा प्रोग्राम माझ्या गळ्यात पडला होता. रोज सकाळी ऑर्डरींची एक्सएमएल फाइल येते, इमारतीप्रमाणे लावलेली. प्रोग्राम ती वाचतो आणि डबे पोचवणाऱ्यांसाठी चिठ्ठ्या काढतो.

एकदा तिथल्या वहिनींचा फोन आला. "ताई, उलव्याच्या एका काकांची चिठ्ठीच निघत नाय. रोज त्यांचा फोन आला की मग मी डबा पाठवते. आता म्हणतात बंदच करा. तुमी बोला ना जरा."

मी फोन लावला, तर काका मुळीच चिडलेले नव्हते. तेच जास्त लागलं. "पोरानं हितं फ्लॅट घेतला आन् तो गेला बदलीवर. टॉवरात अजून फारसं कोन नाय. मी आन् वरचे एक सर, दोघं डबा घ्यायचो. सर गावाला गेले आन् त्या दिसापासनं माझाबी बंद. रोज फोन करून जेवान मागायला लाज वाटती, ताई. ऱ्हाऊ द्या आता."

सर गावाला गेले म्हटल्यावर चूक मला कळलीच. फाइल वाचायला पर्लमध्ये जे तयार मॉड्यूल मिळतं, ते मोठं लहरी आहे. इमारतीत ऑर्डरी अनेक असल्या तर त्यांची यादी देतं. एकच असली तर यादी करायचे कष्ट घेत नाही, ती ऑर्डर तशीच सुटी हातात ठेवतं. आणि माझ्या आधीच्या शहाण्याने लिहून ठेवलं होतं की यादी मिळाली नाही तर इमारत रिकामी समजावी आणि पुढे जावं. त्याने तपासायला घेतलेल्या सगळ्या इमारती भरलेल्या होत्या. एकटं माणूसही जेवतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. मला इतका संताप आला की रिकाम्या घरात मी मोठ्याने शिवी हासडली.

उपाय एका ओळीचा होता. ऑर्डर एक असो की दहा, यादीच धर. पण तपासायला एकाच ऑर्डरची आणखी एक इमारत हवी होती, म्हणून मी रोजच्या ऑर्डरींत माझीच सोसायटी घातली, माझाच फ्लॅट. दोन्ही चिठ्ठ्या बरोबर निघाल्या. मी काकांना कळवलं, "उद्या फोन करू नका. डबा नाही आला तर मला खुशाल शिव्या घाला."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखी ओट्याशी उभी राहून पातेल्यातलाच भात खात होते. आई होती तोवर दोन ताटं वाढायचे. एकटीसाठी कशाला ताट खरकटं करायचं, असं म्हणता म्हणता ते सुटलं होतं. तेवढ्यात बेल वाजली. दारात डबा घेऊन माणूस उभा. चाचणीची नोंद काढायला मी विसरले होते.

"चुकून आलाय हो," मी म्हटलं.

त्याने चिठ्ठी माझ्यासमोर धरली. "फ्लॅट तुमचाच ना? मग चुकून कसा?" आणि डबा हातात देऊन तो जिना उतरलाही.

मी तशीच दारात उभी असताना काकांचा फोन आला. "आला बरं का, ताई. न मागता आला." मग त्यांनी विचारलं, "तुमी जेवला का?"

किती दिवसांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. "बसतेच आता," एवढंच कसंबसं म्हणाले आणि फोन ठेवून रडले. मग फडताळातलं ताट काढलं, धुतलं, डबा उघडून नीट वाढून घेतलं आणि खाली बसून जेवले.

काम झालं की चाचणीची नोंद काढून टाकायची, हे मी आजवर सगळ्यांना दटावून सांगत आले. ही मात्र अजून तिथेच आहे.